न बांधलेल्या घंट्या

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला ते तुमची आईच वाचून दाखवणार. वाचता वाचता ती मधेच थांबेल. तिला थांबू द्या, पाणी द्या आणि मग पुढे वाचायला सांगा. यातली मुख्य गोष्ट तिलाही ठाऊक नाही, आणि ती गोष्ट तिचीच आहे.

आताच का लिहिते, तेही सांगते. गेल्या रविवारी फोनवर मोठीने सांगितलं की वादविवाद स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं. विषय होता, लोकांनी मिळून घ्यायचे निर्णय पुराव्यावर घ्यावेत की भावनांवर. मोठे, तू भावनांच्या बाजूने बोललीस. शेवटी म्हणालीस, माझ्या आईला लहानपणी विषारी साप चावला, गावातल्या माणसांनी रात्रंदिवस गाणी म्हटली, ती उठून बसली. विज्ञानाजवळ याचं उत्तर नाही. तुझी आई शेजारून म्हणाली, "सगळा हॉल शांत झाला होता गं आई." मी "छान" म्हटलं आणि फोन ठेवला.

रात्रंदिवस कोणी गाणी म्हटली नव्हती. जेमतेम दोन तास झाले होते. आणि विज्ञानाजवळ उत्तर होतं. ते माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत, डावीकडच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर ठेवलेलं होतं. मीच ठेवलं होतं.

मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकले, प्राणिशास्त्र घेऊन पदवी घेतली आणि लग्न होऊन सौंसर तालुक्यातल्या या गावात आले. रामाकोन्याच्या अलीकडे, संत्र्याच्या बागा आणि कापूस. मी सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. गावातल्या बायका मला मान देत, पण मी ओसरीवर गेले की त्यांचं बोलणं थांबे. "मॅडम आल्या," म्हणत आणि पदर सारखा करत. हे आधी सांगते, कारण पुढच्या सगळ्याचं कारण त्यात आहे.

गावाबाहेर नाल्याच्या पलीकडे एक जुना कडुनिंब आहे. त्याखाली नागोबाचं ठाणं, म्हणजे शेंदूर लावलेला दगड आणि भोवती मातीचा ओटा. साप चावलेल्या माणसाला तिथे निजवतात. गावातले पुरुष दोन रांगांत बसून बाऱ्या म्हणतात. बाऱ्या म्हणजे नागाची गाणी. एक रांग विचारते, दुसरी उत्तर देते, मधे ढोलकी आणि थाळी. माणसाला कडुनिंबाचा पाला चघळायला देतात. पाला कडू लागला तर विष उतरलं, गोड लागला तर अजून आहे. माणूस उठला की पुढच्या नागपंचमीला तो आपल्या नावाची पितळेची घंटी त्या झाडाला बांधतो. मग दर नागपंचमीला सगळे उठलेले तिथे जमतात, रांगेत उभे राहतात आणि एकेक जण मोठ्याने सांगतो, "मी उठलो." वारा सुटला की त्या घंट्या आपल्या बागेपर्यंत ऐकू येतात. तुम्ही लहान असताना आला होता तेव्हा धाकटा विचारत होता, "आजी, आइस्क्रीमवाला आला का?" त्या ह्याच घंट्या.

तुमची आई नऊ वर्षांची होती. शाळेला सुट्टी नव्हती, पण तिला सर्दी झाली म्हणून ती घरी होती. अंगणातल्या सरपणाच्या ढिगात मांजरीची पिल्लं होती. तिने त्यात हात घातला आणि सापाने बोटाला धरलं. तेव्हा घरी माझ्या सासूबाई होत्या आणि आपल्याकडे कापूस वेचायला येणारी एक बाई होती. तुमची आई तिला मावशी म्हणे, म्हणून मीही इथे मावशीच म्हणते. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. ती घरं अजून इथेच आहेत. मावशीने काठीने साप मारला, तुमच्या आईला खांद्यावर घेतलं आणि नाला ओलांडून ठाण्यावर पळत नेलं. चप्पल नाल्यातच राहिली. तिच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता, तो तिला संध्याकाळी कळला.

शाळेत मला निरोप पोचला. तुमचे आजोबा स्कूटर घेऊन आले. आम्ही ठाण्यावर पोचलो तेव्हा दोन तास होऊन गेले होते. तुमची आई ओट्यावर बसली होती, तोंडात पाला, आणि "कडू आहे, कडू आहे," म्हणून मोठमोठ्याने रडत होती. लोक हसत होते, रडत होते. सासूबाईंनी भगताच्या पायावर डोकं ठेवलं होतं. भगत म्हणजे ठाण्याचा म्होरक्या, तेव्हा पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. मावशी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "उठली व बाई, उठली आपली पोट्टी!" 'आपली' म्हणाली ती.

मी पोरीला छातीशी धरलं. मग माझी नजर टोपलीकडे गेली. टोपलीत मेलेला साप होता. त्याला दूध-तूप घालून जाळायचा रिवाज आहे.

मी वाकून पाहिलं. अंगावर पांढरे आडवे पट्टे, म्हणून सगळ्यांनी त्याला मण्यार ठरवलं होतं. मण्यार भयंकर विषारी. पण मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच खाली सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. याचे पट्टे मानेपासूनच होते आणि शेपटीकडे पुसट होत गेले होते. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ असते. याच्या पाठीवरचे खवले सगळे सारखे. हा कवड्या होता. कवड्याला विषच नसतं. तो चावलेला माणूस गाणी म्हटली तरी उठतो, न म्हटली तरी उठतो.

मी तुमच्या आजोबांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, "आता राहू दे. आईकडे बघ."

मी सासूबाईंकडे पाहिलं, आणि राहू दिलं.

तो साप मात्र मी मागून घेतला. "शाळेसाठी पाहिजे," म्हटलं. भगताने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि टोपली पुढे सरकवली. लोणच्याच्या बरणीतून मी तो सौंसरला नेला, फॉर्मॅलिनमध्ये ठेवला आणि चिठ्ठी चिकटवली. मला वस्तू नीट ठेवायची सवय आहे, तुम्हाला माहीत आहे. चिठ्ठीवर सापाची जात लिहिली, गाव लिहिलं, लांबी लिहिली. कोणाला चावला ते लिहिलं नाही.

पुढच्या नागपंचमीला सासूबाईंनी तुमच्या आईच्या नावाची घंटी बांधली. त्या दिवसापासून माझ्यासाठी गाव बदललं. बायका माझ्यासमोर बोलू लागल्या. लोणची, पापड, कोणाच्या सुनेची तक्रार, सगळं माझ्या ओसरीवर येऊ लागलं. "मॅडमची पोट्टी आपल्या ठाण्यावर उठली" म्हणजे मॅडम आपल्या झाल्या. हे मला आवडलं. आधी सासूबाईंसाठी गप्प राहिले हे खरं; पण सासूबाई गेल्यावरही मी गप्पच राहिले, आणि ते माझ्यासाठी. शाळेत मी वर्षानुवर्षं तीच बरणी टेबलावर ठेवून मुलांना मण्यार आणि कवड्या यांतला फरक शिकवला. मुलं परीक्षेत पूर्ण गुण मिळवत. संध्याकाळी बसने घरी आले की मी त्याच विषयावर मुकी.

तुमची आई मोठी झाली, शिकली, तिकडे गेली. तुमचे आजोबा गेले. मी निवृत्त झाले. मावशी म्हातारी झाली, पण कापसाच्या दिवसांत अजून येई. वेचणं कमी आणि माझ्याजवळ बसणं जास्त. तुमच्या आईचा फोन आला की म्हणे, "माह्या पोट्टीले सांगा, मावशीनं इचारलं म्हनून."

काही वर्षांपूर्वी पंचायत भवनात सभा झाली. पावसाळा लागला होता, नागपंचमी जवळ आली होती. गावात नवी नर्स आली होती, लोधीखेड्याची, बौद्ध घरातली, तिशीची असेल. गावात तिला सिस्टर म्हणत. तिने दोन गोष्टी मागितल्या. ठाण्यावर पाटी लावायची: साप चावला तर आधी दवाखाना. आणि पंचायतीने एक गाडी ठरवून ठेवायची. सौंसरचा सरकारी दवाखाना अर्ध्या तासावर. तिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं.

"म्हंजे ठानं बंद करा म्हनता?" एक जण म्हणाला.

"बंद नाही म्हणत दादा. आधी दवाखाना, मग ठाणं."

"मंग दवाखान्यात मेला तं?"

"आणि ठाण्यावर मेला तर?"

"ठान्यावर कोन मेला? घंट्या मोजून या ना तुमी! एवढे लोक उठले."

"जे उठले त्यांच्या घंट्या आहेत," सिस्टर म्हणाली. "जे नाही उठले त्यांचं काय? त्यांची नोंद कुठे आहे?"

मागून कोणीतरी म्हणालं, "तुमी लोक तं काईच मानत नाई जी. तुमाले काय समजनार." सिस्टरचा चेहरा तापला, पण तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "मानण्याचं मी विचारतच नाही. किती चावले, किती जगले, किती गेले, आणि साप कोणता होता, एवढंच विचारते."

आजही मला वाटतं, त्या खोलीत विचारण्यासारखा तेवढाच प्रश्न होता.

तेव्हा एक म्हातारा हसत म्हणाला, "कायले वाद घालून राहिले बाप्पा? मॅडम बसल्या ना समोर. शिकेल बाई, इज्ञानाच्या मास्तरीन. त्यायचीच पोट्टी उठली. इचारा त्यायले."

सगळी खोली माझ्याकडे वळली. सिस्टरसुद्धा, आणि तिच्या डोळ्यांत आशा होती, कारण मी विज्ञान शिकवलं होतं. मागे बायकांत मावशी बसली होती. ती उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "म्या नेली होती जी खांद्यावर. ह्या खांद्यावर." आणि खांद्यावर हात ठेवला. बायका कौतुकाने हसल्या.

तिच्या आयुष्यात गावाने तिला उभं राहून बोलू द्यावं असं दुसरं काही नव्हतं. ते मी कसं काढून घेऊ, असं मला वाटलं. म्हणजे मी तसं मानून घेतलं. खरं तर मला माझी जागाही जाऊ द्यायची नव्हती.

मी म्हणाले, "हो. बरी झाली, हे खरं आहे."

शब्दाशब्दाने ते खरंच होतं. ती बरी झाली होतीच. वाद थांबून सगळी खोली शांत झाली, मग टाळ्या पडल्या. सिस्टरने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागद आवरले. पाटी रंगवून आणलेली होती. ती पंचायतीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी केली. गाडीचा विषय आलाच नाही.

पोळा झाला. पांढुर्ण्याची गोटमार, ती दगडफेकीची जत्रा, होऊन चार दिवस झाले होते. सकाळी सात-साडेसातला मी तुळशीला पाणी घालत होते, वारा नव्हता, आणि तरीही ठाण्याकडून ढोलकी ऐकू आली. कोणाला चावलं, म्हणून मी फाटकाशी गेले. रस्त्यावरून जाणारी एक मुलगी म्हणाली, "मावशीले, जी."

जमिनीवर निजलेली ती पहाटेच पोटदुखीने उठली होती. वाताचं असेल म्हणून ओवा खाल्ला. मण्यारीचे दात बारीक. चावलेलं बहुधा कळतही नाही. मग पापण्या जड झाल्या, जीभ अडखळू लागली. मुलाने वाकळ झटकली तर खाली साप. त्याने तो मारला. तो शेजाऱ्याची गाडी बोलवायला निघाला होता. तिनेच त्याचा हात धरला. काय म्हणाली ते त्याने मला नंतर सांगितलं, आणि मी ते विसरू शकत नाही: "दवाखान्यात कायले? बाईच्या पोरीले उठवलं ना तेथी. मले बी उठवन."

मी ठाण्यावर पोचले. ती ओट्यावर पडली होती. पापण्या मिटलेल्या, तोंडात पाला, तो चघळला जात नव्हता. श्वास वरवर चाललेला. मी साप पाहिला. पट्टे मानेच्या खूप खाली सुरू होणारे. पाठीवर षटकोनी खवल्यांची ओळ, अगदी पुस्तकातल्यासारखी.

मी ओरडले. मी आयुष्यात अशी ओरडले नाही. "बंद करा! गाडी आणा! ही मण्यार आहे, हिला आत्ता इंजेक्शन पाहिजे!" ढोलकी थांबली. कोणीतरी म्हणालं, "मॅडम, मधात उठवू नोका, बारी अर्धी राहीन." भगताने हात वर केला आणि तो म्हणाला, "न्या." एवढंच. गाडी यायला वेळ लागला, कारण ठरवून ठेवलेली गाडी नव्हती.

मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मण्यारीच्या विषाने सगळे स्नायू लुळे पडतात, पण माणसाला शेवटपर्यंत ऐकू येत असतं. हे मी वर्गात शिकवलेलं होतं. म्हणून मी तिला सांगितलं. तो कवड्या होता, मावशी. त्याला विष नसतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझा हात तिच्या हातात होता. तिने बोट दाबलं असं मला वाटलं. गाडी खड्ड्यातून गेली होती, त्यामुळेही तसं झालं असेल. मी ठरवू शकत नाही, आणि ठरवायला आता काही साधन नाही.

सौंसर यायच्या आधीच श्वास थांबला. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले. नंतर म्हणाले, "पहाटेच आणलं असतं तर संधी होती. वाचल्याच असत्या असं सांगता येत नाही. पण संधी होती." मला हे बोलणं निर्दय वाटलं नाही. जेवढं माहीत होतं तेवढंच त्यांनी सांगितलं. तेवढं मला जमलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर मी सरपंचांना सभा बोलवायला सांगितली. तिचा मुलगा माझ्याकडे आला होता. त्याने मारलेला साप प्लास्टिकच्या डब्यात, मिठात घालून ठेवला होता. का ठेवला, त्यालाही सांगता आलं नाही. मी म्हटलं, तो मला दे, आणि सभेला ये. शाळेतून मी जुनी बरणी मागून आणली. नव्या सापासाठी नवी बरणी घेतली.

पंचायत भवनात टेबलावर मी दोन बरण्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. टोपलीपासून ते 'हो, बरी झाली' पर्यंत.

मग जो तो बोलू लागला.

"इतक्या वर्षानं बाटलीतला साप आनून दाखवून राहिल्या!"

"हा तं पांढरा पडला. कायवरून तोच?"

"नागोबाचं नाव खराब करता मॅडम, तेही आमच्या देखत."

"रंग उडतो," मी म्हणाले. "खवले उडत नाहीत. हे भिंग घ्या. पाठीच्या मधोमध पाहा. दोन्हींत फरक दिसला नाही तर मी खोटी."

सिस्टर पुढे आली आणि तिने पाहिलं. मग मावशीचा मुलगा आला. त्याने एका बरणीवर भिंग धरलं, मग दुसरीवर, पुन्हा पहिलीवर. फार वेळ. भिंग खाली ठेवून त्याने मला विचारलं,

"मंग तवा काहून नाई बोलल्या, मॅडम? माही माय समोरच होती ना."

मी म्हटलं, "तुमच्यात बसायला मिळत होतं. ते जाईल म्हणून."

तो मागे जाऊन बसला. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हा कोपऱ्यातून भगत उठला. आता ऐंशीच्या घरातला, काठी टेकत टेबलापाशी आला. लोकांना वाटलं तो मला सुनावणार. एक जण म्हणालाही, "सांगा आबाजी, ह्या मॅडमले सांगा."

त्याने भिंगाला हात लावला नाही. म्हणाला, "मले भिंग नाई लागत जी. ज्याचे डोये झाकले तो माह्या हातून कधी उठला नाई. एकही नाई. मले मालूम हाये."

"मंग आबाजी..."

"थांब. ह्या सिस्टरनं तवा इचारलं होतं, नाई उठले त्यायची नोंद कुठी हाये म्हनून. मीनं आयकलं. पन मले कोनी इचारलं नाई."

आणि त्याने नावं सांगायला सुरुवात केली.

एकेक नाव, बापाच्या नावासकट, कोणत्या पिकाच्या वेळी, कोणत्या शेतात. कोणाचा भाऊ, कोणाची नवी नवरी, कोणाचं दुधाचं लेकरू. तो कुठेही अडखळला नाही. प्रत्येक नावाला खोलीत कुठेतरी एक मान खाली जाई. मघाशी सगळ्यात मोठ्याने बोलणारा माणूस आपल्या थोरल्या भावाचं नाव ऐकून भिंतीशी उकिडवा बसला. त्या घरातल्या कोणीही इतक्या वर्षांत ते नाव ठाण्याशी जोडून उच्चारलं नव्हतं. नशीब, आयुष्य सरलं, उशीर झाला, घरात काही चुकलं असेल, असं काहीबाही म्हणून प्रत्येक घराने आपला मेलेला वेगळा ठेवला होता. नागपंचमीला रांगेत उभं राहायला तो येऊ शकत नव्हता, त्यामुळे कोणी मोजलाच नव्हता.

सिस्टर लिहून घेत होती. मधे तिची शाई संपली, कोणीतरी आपला पेन पुढे केला. पेन देणारा तोच होता, ज्याने 'तुमी लोक' म्हटलं होतं. मला हे मुद्दाम आठवतं.

शेवटचं नाव मावशीचं. ते सांगून भगत म्हणाला, "उठले ते सालातून एकदा येतात जी. हे रोज येतात." आणि काठी टेकत जाऊन आपल्या जागी बसला.

त्या सभेत नागोबाविरुद्ध कोणी काही बोललं नाही, मीही नाही. कोणाची श्रद्धा गेली असं मला दिसलं नाही. फक्त सिस्टरचा प्रश्न आणि त्याचं उत्तर पहिल्यांदा एका खोलीत आले, आणि मग हात वर करायला कोणाला वेळ लागला नाही. पाटी दुसऱ्याच दिवशी लागली. गाडी ठरली.

पुढच्या नागपंचमीला मी शिडी मागवून तुमच्या आईची घंटी काढली. बायका बघत होत्या. माझ्या ओसरीवर आता त्या पूर्वीसारख्या येत नाहीत. सणाला ताट येतं, तब्येतीची चौकशी होते. पण मी गेले की बोलणं पुन्हा थांबतं. मावशीचा मुलगा बागेचं काम बघतो. हिशेबात सरळ, बोलण्यात सभ्य, आणि माझ्या घरचा चहा घेत नाही. एकदा मी आग्रह केला तेव्हा म्हणाला, "नोका मॅडम. आताच घेतला." त्याने घेतलेला नव्हता, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला.

कधीकधी दुपारी, वारा नसताना, मला त्या झाडावर आणखी घंट्या ऐकू येतात. मी विज्ञानाची शिक्षिका आहे. कान म्हातारे झाले की असं होतं, आणि मी कानाच्या डॉक्टरला दाखवून आले आहे. त्याने तेच सांगितलं. तरी मी उठून खिडकीशी जाते आणि थांबेपर्यंत ऐकते. कोणाच्या असतील ते मला ठाऊक आहे. सिस्टरच्या वहीत नावं आहेत.

मोठे, तू बक्षीस परत कर असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव. तू खोटं बोलली नाहीस. जे तुला दिलं गेलं ते तू सांगितलंस, आणि ते मी दिलं. पण हॉल शांत झाला म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. आमचं पंचायत भवनही शांत झालं होतं, पहिल्या सभेत, माझ्या एका वाक्याने. त्या शांततेचं पुढे काय झालं ते तू आता ऐकलंस. यापुढे कुठेही उभी राहशील तेव्हा आपल्या बाजूची गोष्ट सांगायच्या आधी विचार, हिच्यासारख्या ज्या गोष्टींचा शेवट उलटा झाला त्या कुठे आहेत, आणि त्या सांगायला कोण उरलं आहे. ऐकणाऱ्यांना ते आवडणार नाही. तरी विचार.

आणि माझ्या पोरी, तू हे वाचते आहेस. तुला कोणी गाण्यांनी उठवलं नाही. तू आजारीच नव्हतीस. पण एका बाईने अनवाणी पळत तुला खांद्यावर नेलं होतं, आणि त्या वेळी तिला तो साप विषारीच वाटत होता. तेवढं सगळं खरं आहे.

आता काय काय उरलं आहे ते लिहून ठेवते. ठाणं आहे; नागपंचमीला बाऱ्या होतात. भगत गेला, आता त्याचा पुतण्या म्हणतो, आणि साप चावलेलं माणूस आलं तर आधी गाडीत बसवतो. गेल्या पावसाळ्यात बागेतल्या एका मजुराला मण्यार चावली. तो सौंसरहून आठ दिवसांनी चालत परत आला, आणि त्याने झाडाला घंटी बांधली. पाटीचा रंग उडाला होता, तो दिवाळीत पुन्हा दिला. सिस्टरची बदली झाली. वही पंचायतीत आहे आणि तिच्यात आता दोन्ही प्रकारची नावं लिहितात. तुमच्या आईची घंटी माझ्या कपाटात आहे, लोलक कापडात गुंडाळून. शाळेत डावीकडच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर दोन बरण्या आहेत. पहिल्या चिठ्ठीवर जे लिहायचं राहिलं होतं ते मी लिहिलं आहे. दोन्ही सापांचा रंग गेला आहे. खवले अजून मोजता येतात.